व्हीम एजंटची फुकट आवृत्ती: कोकणातल्या घरा-दुकानाला कितपत चालते?

बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण ते बॅकअप कसं घेतं एवढंच बघतात. बघायला हवं ते वेगळं: मशीन गेल्यावर ते काय परत देतं, किती वेळात देतं आणि त्यासाठी दुसऱ्या कुणावर अवलंबून राहावं लागतं का. ‘व्हीम एजंट फॉर मायक्रोसॉफ्ट विंडोज’ची फुकट आवृत्ती या कसोटीवर चांगली टिकते. राजापूर, देवगड किंवा गुहागरच्या आतल्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तालुक्याच्या ठिकाणी असतो. बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारे बहुतेक थेट पुण्या-मुंबईला. अशा ठिकाणी आपल्या हातांनी मशीन परत उभं करता येणं याला फार किंमत आहे.

आपल्याकडे डेटा कशाने जातो ते आधी पाहू. मेमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, दोन्ही विजा घेऊन येतात. ही वीज नुसती मीटरमधून शिरत नाही, राउटरच्या लॅन केबलमधून आणि डिशच्या वायरमधूनही येते. प्लग काढला पण लॅन केबल तशीच राहिली, तर मदरबोर्ड जाऊ शकतो. पावसाळ्यात लाइन सारखी जाते-येते, आणि यूपीएस नसलेला डेस्कटॉप फाइल लिहीत असतानाच बंद पडला की ती फाइल अर्धवट राहते. खाऱ्या दमट हवेने यूएसबीच्या पिनांवर थर चढतो, मग डिस्क मध्येच ‘निघून’ जाते. आणि पुराचं काय ते २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळुणात दाखवलंच. कॉम्प्युटर टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, ही मांडणी आजही कितीतरी दुकानांत दिसते. पुरापुढे असा बॅकअप असून नसल्यासारखा.

‘माझं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसकट. वनड्राइव्हची ५ जीबी. १०० जीबी डेटा १० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला सलग बावीस तास लागतात. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. कॉम्प्युटरवर फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते, कचरापेटीत तीसेक दिवस राहते आणि मग कायमची जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक दिवस वीजच नव्हती. अशा वेळी इंटरनेटवरून डेटा उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. लहान आणि अत्यंत महत्त्वाच्या फाइलींसाठी क्लाउड जरूर ठेवा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

विंडोजमधली ‘फाइल हिस्ट्री’ वाईट नाही. बदललेल्या फाइली ती दर तासाला बाहेरच्या डिस्कवर टाकते. त्या साध्या फाइली म्हणूनच राहतात, नावाला फक्त तारीख-वेळ जोडलेली असते. त्यामुळे ती डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावून फाइल उघडता येते, आणि हा तिचा मोठा गुण. पण ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशी ठरलेली फोल्डरंच बघते. टॅली प्राइमचा डेटा मुळात सी ड्राइव्हवर यूझर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम या फोल्डरमध्ये जातो. तो या यादीत आपोआप येत नाही. काजूच्या कारखान्याचा किंवा आंब्याच्या वखारीचा सगळा हिशोब तिथेच असतो आणि मालक मात्र ‘फाइल हिस्ट्री चालू आहे’ म्हणून निर्धास्त असतो.

डीटीपीवाल्यांची अडचण आणखी वेगळी. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांतल्या जुन्या फाइली ज्या फाँटमध्ये टाइप केल्या, तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची रांग दिसते. हे फाँट विंडोजच्या स्वतःच्या फाँट्स फोल्डरमध्ये असतात. पेजमेकरच्या फाइली नीट जपल्या आणि फाँट गेले, तर दहा वर्षांच्या लग्नपत्रिकांचा काही उपयोग उरत नाही. म्हणून अशा मशीनला विंडोज, प्रोग्राम, फाँट आणि सेटिंग यांसकट सगळ्या डिस्कचीच प्रतिमा (इमेज), म्हणजे जशीच्या तशी प्रत, लागते. या कामासाठी पूर्वी मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती सर्रास वापरली जायची. तिचा आधार १ जानेवारी २०२४ ला संपला. आज फुकटात ते काम सगळ्यात नीट करणारं म्हणून व्हीमचं नाव घ्यावं लागतं.

बसवणं आणि जॉब लावणं

पहिला त्रास उतरवतानाच होतो: कंपनीच्या साइटवर ईमेल देऊन नाव नोंदवावं लागतं. बसवणं त्यामानाने सरळ आहे. बसवून झाल्यावर लगेच बॅकअपच्या मागे लागू नका. आधी ‘रिकव्हरी मीडिया’ बनवा, म्हणजे विंडोज चालूच होत नसेल तेव्हा ज्यावरून मशीन सुरू करायचं तो पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात ठेवा. बनवताना याच कॉम्प्युटरचे ड्रायव्हर सोबत घेण्याचा पर्याय येतो, तो चालू ठेवा. पेनड्राइव्ह बनवायला नकार आला, तर विंडोजचं स्वतःचं रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (बिघाडाच्या वेळी सुरू होणारं छोटं विंडोज) बंद असण्याची शक्यता जास्त, कारण व्हीम त्याच्यावरच आपला पेनड्राइव्ह उभा करतो.

बनवून झाला की त्याच दिवशी त्यावरून मशीन एकदा सुरू करून बघा. डेल, लेनोव्होला चालू करताना एफ-१२ दाबायचं, एचपीला एफ-९, एसरलाही एफ-१२, पण तिथे ते आधी बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू करावं लागू शकतं. व्हीमचा पडदा आला, माउस-कीबोर्ड चालले आणि आतली डिस्क यादीत दिसली, की पेनड्राइव्ह कामाचा. डिस्क दिसली नाही तर कारण बहुधा एकच असतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि त्याचा ड्रायव्हर रिकव्हरीत नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. हे आज कळलं तर दहा मिनिटांचं काम आहे. मशीन मेल्यावर कळलं तर त्यासाठी दुसरा कॉम्प्युटर शोधत फिरावं लागतं.

आता जॉब, म्हणजे कशाचा, कुठे आणि कधी बॅकअप घ्यायचा ते एकदा ठरवून देणं. सुरुवातीला तीन पर्याय येतात: एन्टायर कॉम्प्युटर, व्हॉल्यूम लेव्हल, फाइल लेव्हल. पहिलाच घ्या. फाइल लेव्हलने जागा वाचते असं वाटतं, पण तो हळू चालतो आणि मशीन परत उभं करून देत नाही. ठिकाण म्हणून लोकल स्टोरेज, म्हणजे यूएसबीची डिस्क. ती एनटीएफएस फॉरमॅटची हवी. एफएटी-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि व्हीमची मुख्य फाइल तर शेकडो जीबीची असते. डिस्क किती मोठी? वापरलेल्या जागेच्या किमान दुप्पट. २५० जीबी भरलेल्या मशीनला १ टीबी निवांत पुरते. हिशोब आणि कागदपत्रं दाबून लहान होतात, फोटो-व्हिडिओ होत नाहीत. त्यामुळे फोटो स्टुडिओवाल्यांनी तिप्पट धरावी.

डिस्क निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. तिथे साधी पोर्टेबल डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास घेते, म्हणजे २५० जीबीला पाऊण तास. काळ्या, जुन्या पोर्टला हाच वेग ३०-३५ वर येतो आणि पहिला बॅकअप दोन तासांच्या वर जातो. पुढचे बॅकअप बदललेल्या भागाचेच असल्याने काही मिनिटांत आटोपतात.

या सॉफ्टवेअरचं सगळ्यात आवडलेलं अंग वेळापत्रकाच्या पडद्यावर आहे. ठरावीक वेळेऐवजी ‘बॅकअपची डिस्क जोडली की’ बॅकअप सुरू कर असं सांगता येतं, आणि त्याखालीच काम झालं की डिस्क आपोआप ‘इजेक्ट’ करण्याची चौकट आहे. दोन्ही चालू करा. मग दुकान बंद करण्याआधी डिस्क लावायची, पाच-दहा मिनिटांत काम होतं, डिस्क सुटते, ती काढून घरी न्यायची. जोडलेली नसलेली डिस्क विजेने जळत नाही, आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तरी तो तिच्यापर्यंत पोचत नाही. चोवीस तास लावून ठेवलेली बॅकअपची डिस्क मूळ डिस्कसोबतच जाते, हे दुकानदारांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

किती दिवसांचे बॅकअप ठेवायचे तो आकडा ठिकाणाच्या पडद्यावर असतो. तो स्वतः बघा आणि ३० करा. टॅलीत एखादं व्हाउचर चुकून पुसलं गेलं तर ते बऱ्याचदा जीएसटी भरायच्या वेळी, दोन-तीन आठवड्यांनी लक्षात येतं. तोवर आठवड्याभराचेच बॅकअप उरलेले असतील, तर सगळ्यांत तीच चूक सापडेल.

एक बारकावा इथेच सांगायला हवा. मर्यादा भरली की सगळ्यात जुनी भर, म्हणजे त्या दिवसाचा बदललेला भाग, मुख्य फाइलीत मिसळली जाते. हे काम डिस्कवर इकडून तिकडे उड्या मारत चालतं. हल्लीच्या अडीच इंची पोर्टेबल डिस्क बहुतेक ‘एसएमआर’ प्रकारच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) असतात आणि असल्या लिखाणात फार मंदावतात. त्यामुळे महिन्याने एके दिवशी बॅकअप एकदम लांबलेला दिसला, तर डिस्क बिघडली असं समजून केबल ओढू नका. डिस्क काढायला मिसळणं चालू असताना हीच सगळ्यात वाईट वेळ. डेस्कटॉपला यूपीएस हवाच हवा. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर त्यालाही.

पासवर्डाने एन्क्रिप्शन करण्याची, म्हणजे बॅकअपला कुलूप लावण्याची, सोय फुकट आवृत्तीत आहे आणि डिस्क घराबाहेर जाणार असेल तर ती वापरलीच पाहिजे. मशीनवर बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असलं तरी बॅकअपमध्ये डेटा उघडाच जातो, कारण बॅकअप घेताना ड्राइव्हचं कुलूप उघडलेलं असतं. पासवर्ड विसरलात तर मात्र बॅकअप गेला. तो कागदावर लिहून बँकेच्या पासबुकासोबत ठेवा, त्याच कॉम्प्युटरवरच्या नोटपॅडमध्ये नको.

परत आणताना

एखाद-दुसरी फाइल हवी असेल तर स्टार्ट मेनूतलं ‘फाइल लेव्हल रिस्टोअर’ उघडायचं, तारीख निवडायची, आणि एक्सप्लोररसारखी खिडकी येते. फोल्डरवर उजवं क्लिक केल्यावर दोन वाटा दिसतात. ‘रिस्टोअर’ने फाइल मूळ जागी जाते आणि ‘ओव्हरराइट’ घेतलं तर आजची प्रत पुसली जाते. ‘कॉपी टू’ने ती तुम्ही सांगाल त्या फोल्डरमध्ये उतरते. कायम ‘कॉपी टू’ वापरा. टॅलीचा कालचा डेटा डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, टॅलीत त्या ठिकाणाहून कंपनी उघडा, आकडे जुळवा, आणि मगच मूळ डेटाला हात लावा.

पावसाळ्याआधी, मेच्या मध्यावर, ही तालीम करायलाच हवी. टॅलीचं फोल्डर, एक जुनी डीटीपी फाइल आणि अलीकडचे चार फोटो बाहेर काढून उघडून बघायचे. हिरवी खूण आली म्हणजे बॅकअप झाला एवढंच कळतं. तो उघडतो का, हे उघडूनच कळतं.

सगळं मशीन परत आणायचं तर नवी एसएसडी बसवा, पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, ‘बेअर मेटल रिकव्हरी’ घ्या, बॅकअपची डिस्क दाखवा, तारीख निवडा, एन्टायर कॉम्प्युटर. वेळ जवळपास पहिल्या बॅकअपइतकाच. इथे तीन ठिकाणी लोक अडकतात. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसता आणि एकदा ‘यूईएफआय’ लावून. हल्लीच्या मशीनला यूईएफआयवालाच घ्या, नाहीतर सगळं नीट उतरतं आणि विंडोज मात्र सुरू होत नाही. दुसरं, ज्या डिस्कवर उतरवायचं ती आधी पूर्ण पुसली जाते. आतली १ टीबी आणि बाहेरचीही १ टीबी असेल तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका, मॉडेलचं नाव वाचा. तिसरं, नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर ‘मॅन्युअल’मध्ये जाऊन पार्टिशन आपल्या हाताने बसवावी लागतात. म्हणून शक्य असेल तर त्याच मापाची किंवा मोठी डिस्क घ्या.

परत आलेल्या मशीनवर बिटलॉकर बंद असतं, ते पुन्हा चालू करावं लागतं. त्याची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का, हे आजच बघून ठेवा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि किल्लीविना ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून काहीही वाचता येत नाही.

मदरबोर्डच जळला आणि दुसऱ्याच कंपनीचं मशीन घेतलं, तर सगळी प्रतिमा त्यावर उतरवण्याचा अट्टहास करू नका. विंडोजचा परवाना जुन्या बोर्डाला बांधलेला असतो, ड्रायव्हर वेगळे असतात. नव्या मशीनवर व्हीम बसवा, ‘फाइल लेव्हल रिस्टोअर’ने डेटा आणि फाँट्सचं फोल्डर काढून घ्या. डिजिटल सहीचा टोकन आणि श्रीलिपीचं हार्डवेअर लॉक कुठल्याच बॅकअपमध्ये येत नाही. ते वेगळे सांभाळावे लागतात.

कमतरताही आहेत. फुकट आवृत्तीत जॉब एकच ठेवता येतो. पडदे सगळे इंग्रजीत. मराठी नावाच्या फाइली मात्र बिनतक्रार येतात-जातात. आणि फाइल हिस्ट्रीसारखं व्हीमशिवाय काही उघडता येत नाही, डिस्कवर फक्त व्हीबीके, व्हीआयबी आणि व्हीबीएम अशा फाइली दिसतात. व्हीबीके म्हणजे मुख्य प्रत, व्हीआयबी म्हणजे रोजची भर. ‘जुनी’ म्हणून व्हीबीके पुसली की उरलेल्या सगळ्या व्हीआयबी निकामी होतात. या फोल्डरमध्ये हाताने काहीही पुसायचं नाही.

दुसरी डिस्क आणि चाकरमानी

एकच डिस्क पुरेशी नाही. दुसरी घ्या आणि व्हीमचं सगळं फोल्डर, एकही फाइल न गाळता, एक्सप्लोररने तिच्यावर कॉपी करा. एवढंच पुरतं, त्या प्रतीवरूनही सगळं परत आणता येतं. ही दुसरी डिस्क गावात ठेवायची नाही. गणपतीला आलेल्या चाकरमान्याकडे ती मुंबईला द्या आणि शिमग्याला तो येताना परत मागवा, ताजी प्रत टाकून पुन्हा द्या. आपल्याकडे ही ने-आण वर्षातून दोनदा बिनखर्चाची होतेच. पासवर्ड लावलेला असल्याने वाटेत हरवली तरी हिशोब उघडा पडत नाही. डिस्क हातातल्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून न्यायची, गाडीच्या टपावरच्या सामानात नको. मधल्या सहा महिन्यांसाठी टॅलीचं फोल्डर झिप करून आठवड्याला गूगल ड्राइव्हवर टाका. ते सहसा काही एमबीचंच असतं.

घरची डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. हार्ड डिस्क पूर्ण हवाबंद नसते, तिला गाळणी लावलेलं बारीक छिद्र असतं, त्यामुळे दमट हवा आत जातेच. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला मानू नका, पीठ पोर्टात जाऊन बसतं. एसीच्या खोलीतून दमट ओसरीवर आणलेली डिस्क अर्धा तास तशीच ठेवून मग जोडा. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षांचा बॅकअप ठेवू नका, वीज न मिळता पडून राहिलेली फ्लॅश मेमरी हळूहळू डेटा सोडते. आणि पुरात भिजलेली डिस्क सुकवून ‘चालते का बघू’ म्हणून जोडू नका. चिखल तबकडीवर असताना ती फिरली की उरलासुरला डेटाही खरवडला जातो. पिशवीत बंद करून तशीच तज्ज्ञाकडे पाठवा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपल्याकडची बरीच दुकानं अजून त्यावरच आहेत. ११ वर जायचं असेल तर आदल्या रात्री व्हीमचा पूर्ण बॅकअप घ्या आणि त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर टाकून ती बाजूला ठेवा. विंडोज स्वतः मागे जाण्याची सोय देतं ती फक्त १० दिवसांची. जुना प्रिंटर किंवा पेजमेकर नव्या विंडोजवर चालत नाही हे कळायला दुकानात त्याहून जास्त दिवस जातात, म्हणून ती प्रत निदान महिनाभर पुसायची नाही.